एक ओळ जास्त

"बोट ठेव, आणि वाच."

आवाज चाळीस वर्षांपूर्वीचा. शाळेतल्या बाई कधीच्याच देवाघरी गेल्या असतील, पण आवाजाला मरण नव्हतं. खडूच्या भुकटीसारखा कोरडा, न चढणारा, न उतरणारा, तो कुठूनही यायचा. कांदा चिरताना यायचा, बसच्या पाटीकडे बघताना यायचा, बँकेच्या खिडकीशी उभं राहिलं की हमखास यायचा. आज आला तेव्हा सकाळचे आठ वाजून गेले होते, ती एका हातात मोजा चढवून दुसरा शोधत होती, आणि विभागाचे साहेब दारातच उभे राहून सांगत होते, "ताई, काल पोटाच्या सेटमध्ये एक चिमटा कमी निघाला. ऐन ऑपरेशनात. अकराला माझ्या खोलीत बसायचंय." एवढंच. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, रागाला निदान धरायला जागा असते. त्यांनी हातातला कागद तिच्यापुढे केला, तिनं सवयीनं खिसा चाचपला आणि म्हटलं, "चष्मा घरी राहिला वाटतं." बावीस वर्षांत शेकडो वेळा ऐकलेलं ते वाक्य साहेबांनी पुन्हा एकदा ऐकून घेतलं आणि कागदाची घडी घातली. चष्मा खिशातच होता. बोटांना त्याची दांडी लागली होती. साध्या काचांचा चष्मा, नंबर नसलेला. डोळे तिचे घारीसारखे होते.

साहेब गेले आणि तळघरातली ती लांबट खोली पुन्हा आपल्या घरघरीत बुडाली. वरच्या मजल्यांवर माणसं फाडली जात, शिवली जात, आणि त्यासाठी लागणारी हत्यारं लिफ्टनं इथं खाली येत. एका टोकाला ती धुतली जात, मग पुसून, यादीबरहुकूम स्टीलच्या ट्रेमध्ये मांडून, दुहेरी कापडात बांधून वाफेच्या यंत्रात जात. गाठोड्यावर चिकटपट्टी लावत. पट्टीवर अगदी फिकट, असून नसल्यासारख्या रेघा असायच्या, आणि वाफ पुरेशी लागली की त्या काळ्याभोर व्हायच्या. रेघ काळी म्हणजे सेट शुद्ध. जगात एवढं एकच लिखाण तिला आवडायचं. लहानथोर कुणालाही एका नजरेत कळावं आणि कुणालाही उभं करून वाचायला लावू नये, असं लिखाण. प्रत्येक सेटच्या यादीवर दोन सह्या लागत, एक मांडणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. मांडणारे बदलत राहिले. तपासणाऱ्याची सही बावीस वर्षं तिचीच होती, वळणदार, भरघोस, कुणालाही वाटावं की हा हात रोज चार पानं लिहीत असेल.

तिला तपासायला कागद लागत नव्हता. चिमटा उचलला की वजनावरून ती त्याचं नाव सांगे, कात्रीचं टोक मोज्यावर टेकवून धार सांगे. साठ सेट, प्रत्येकाच्या कापडाला वेगळ्या रंगाची दोरी, आणि प्रत्येकाची एकेक ओवी तिनं मनाशी बांधलेली. आई दळताकांडताना बांधायची तशी. पोटाच्या सेटची सगळ्यात जुनी होती.

कात्र्या दोघी बहिणी, एक वाकडी एक नीट,
चिमटे तिघे भाऊ, शेजारी बसले धीट,
आर्टऱ्या सहा जणी, एका दांडीत ओवल्या,
हूक दोन पाठराखे, वाट्या मागं झोपल्या.

आर्टऱ्या म्हणजे रक्तवाहिनी दाबून धरायचे चिमटे. ओवी संपली की सेट पुरा. तिच्या ओवीत कधी काही कमी पडलं नव्हतं. आणि काल वर कुणाचं तरी पोट उघडं होतं, आत खोलवर रक्त येत होतं, डॉक्टरांनी हात पुढे केला आणि हातात काहीच आलं नाही. दुसरा सेट उघडेपर्यंत चार मिनिटं गेली. तेवढा वेळ डॉक्टरांनी म्हणे बोटानंच रक्त दाबून धरलं. पेशंट बरा होता, सकाळी चहा मागत होता, हे धुण्यावरच्या मावशीनं तिला आल्याआल्याच सांगितलं होतं. मावशीला वरच्या मजल्यांवरचं सगळं कळायचं, लिफ्टमनशी तिचं बरं होतं. पण चार मिनिटं तिच्या अंगातून जाईनात. ती मोजून बघायला लागली. भिंतीवरच्या घड्याळात तिनं एक मिनिट बघितलं आणि पुढची तीन बघवली नाहीत. माणसाच्या आत बोट दाबून उभा असलेला माणूस. बोट ठेव. तिनं मान झटकली.

मावशी नळाखाली कोपरापर्यंत हात घालून हत्यारं घासत होती. म्हणाली, "मास्तरांची शाळा सुटली म्हणायची." ताईनं दुसरा मोजा चढवला. "मी आधीच बोलले होते. ज्याला पाटी वाचता येत नाही त्याला यादी कशाला द्यावी? भला माणूस आहे, नाही म्हणत नाही मी. पण भलेपणानं का पोट शिवतात?" आणि आपल्याच बोलण्यावर खुश होऊन तिनं नळ मोठा केला.

मास्तर म्हणजे चाळिशी उलटलेला, रुंद पंजांचा एक माणूस. तीन महिन्यांपूर्वी आला. वाचताना ओठ हलवायचा, धडा घोकणाऱ्या पोरासारखा, म्हणून मावशीनं दुसऱ्याच दिवशी त्याचा मास्तर करून टाकला आणि त्यानंही ते नाव हसत अंगावर घेतलं. पहिल्या दिवशीचं त्याचं बोलणं ताईला अजून जसंच्या तसं आठवत होतं. सगळ्यांसमोर, बुटाचं माप सांगावं इतक्या सहज तो म्हणाला होता, "ताई, एक आधीच सांगतो. मला वाचायला फार वेळ लागतो. अक्षरं एका जागी थांबत नाहीत. शिकण्यातच अडचण आहे, लहानपणापासून. ऑफिसातल्या मॅडमना माहिती आहे. दाखवून सांगितलं की मात्र विसरत नाही." ताईला कुणीतरी तिच्याच कपाटाचं दार चारचौघांत उघडावं तसं झालं. तिनं कोरडेपणानं म्हटलं होतं, "इथं कामाला वेळ लागून चालत नाही." आणि मग तीन महिने तिनं त्याला सगळ्यांत जास्त रागावलं, सगळ्यांत जवळ उभं केलं आणि सगळ्यांत जीव लावून शिकवलं. त्यातलं काय कशासाठी, हे तिनं कधी स्वतःला विचारलं नाही. ओव्या तिनं आजवर कुणाला दिल्या नव्हत्या. त्याला दिल्या. तो गाठोडी बांधताना खालच्या आवाजात पुटपुटायचा, कात्र्या दोघी बहिणी, आणि तिला पाठमोरं असतानाही कळायचं की आता तो आर्टऱ्यांपाशी आला. चार नोकऱ्या गेल्या होत्या त्याच्या. डबा खाताना एकदा म्हणाला होता, "चारही ठिकाणी लपवलं, ताई. चारही ठिकाणी सापडलो. इथं पहिल्यांदाच खरं सांगून लागलोय. घरी बायको म्हणते, बघू या, खऱ्याला किती दिवस भाकरी मिळते." त्याची तीन महिन्यांची बोली या शुक्रवारी संपत होती. ठीक वाटला तर कायम, नाहीतर राम राम.

घड्याळात साडेआठ. अजून अडीच तास. तिनं दिवसाचं काम सुरू केलं, दोऱ्या रंगांप्रमाणं लावल्या, कापडं उजेडात धरून भोकं पाहिली. हात आपले आपण चालत होते आणि आत काहीतरी उंदरासारखं कुरतडत होतं. घरच्या स्वयंपाकघरात, चमच्यांच्या खणाखाली आणखी एक खण होता, आणि त्यात दोन महिन्यांचे कागद पडले होते. वीज, पाणी, विमा, कामावरच्या नोटिसा. लेक घरी होती तोवर तिच्यापुढे कागद टाकून म्हणायचं, "वाच गं जरा, माझे डोळे दमलेत," आणि लेक जेवताजेवता वाचून टाकायची. दोन महिन्यांपूर्वी ती परगावी नोकरीला गेली. मग फोटो पाठवायचे. दोनदा पाठवले. तिसऱ्यांदा लेकीचा फोन आला, "आई, अगं एवढी मोठी अक्षरं आहेत. एवढंही दिसत नाही तुला? मला भीती वाटते हं. मी रजा काढून येते, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ." रजा काढून येते म्हटल्यावर ती हादरली. डॉक्टर डोळ्यांत टॉर्च मारेल आणि म्हणेल, डोळे उत्तम आहेत. मग? त्यानंतर तिनं एकही फोटो पाठवला नाही, कागद खणात गेले. त्यातच एक होता, तीन आठवड्यांपूर्वी सगळ्यांना वाटलेला, वर ठळक काहीतरी आणि खाली साहेबांची सही. सही तिला ओळखू यायची. सही म्हणजे चित्रच असतं.

तो कागद सेटच्या यादीतल्या बदलाचा होता हे तिला आज कळलं होतं. पण खोटं कशाला बोला, कळायला तीन आठवडे लागले नव्हते. कागद वाटला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मास्तर पोटाच्या सेटची नवी छापील यादी घेऊन तिच्याकडे आला होता. "ताई, यात एक ओळ जास्त दिसतेय." तिनं विचारलं, कशावरून? तर म्हणाला, "मी वाचत नाही ना, ओळी मोजतो. आधी अकरा होत्या. आता बारा आहेत. शेवटून तिसरी नवी आहे. काय लिहिलंय ते लावतोय मी, पण वेळ लागेल. तुम्ही बघता का?" यादी तिच्या हातात होती. अक्षरं मुंग्यांच्या वारुळावर पाय पडावा तशी पांगली. मावशी ऐकत होती. यंत्राची शिटी होत होती. आणि तिच्या तोंडून, तिच्याच तोंडून, बाईंच्या आवाजात निघालं, "यादी छापणारे काहीही छापतात. बावीस वर्षं मी हाच सेट देतेय. मी सांगते तसा भरा आणि बाराही ओळींवर खूण करा." त्यानं यादी परत घेतली. मग म्हणाला, "बरं, ताई." आणि त्यानं बारा खुणा केल्या आणि तिनं खाली वळणदार सही ठोकली. त्या एका ओळीत लांब दांड्याचा एक वाकडा चिमटा होता. ओवीत तो नव्हता. तीन आठवडे पोटाचे सेट चिमट्याविना वर जात राहिले, कुणाला गरज पडली नाही, आणि काल पडली.

दहाच्या सुमारास ती त्याच्या टेबलापाशी गेली. तो कापडाची घडी घालत होता, चारी कोपरे जुळवून, जसं तिनं शिकवलं होतं तसं. आज पुटपुटत नव्हता.

"आत काय सांगणार तुम्ही?" तिनं विचारलं.

"काय विचारतील त्यावर आहे."

"तरी?"

"चुकलो म्हणेन." त्यानं घडीवरून तळवा फिरवला. "तसाही मी चुकलोच, ताई. दिसत होतं आणि गप्प बसलो. पुन्हा एकदा विचारायला हवं होतं तुम्हाला. पण तुमचा चेहरा असा झाला होता, की मलाच वाईट वाटलं."

"माझ्या चेहऱ्याला काय झालंय?"

त्यानं मग आवाज इतका खाली आणला, की नळाच्या धारेत तो विरघळावा. "माणूस वाचतो तेव्हा त्याचे डोळे चालतात. तुमचे उभे राहतात. माझेही राहतात, म्हणून कळलं. पहिल्याच आठवड्यात." आणि घाईनं, जणू तीच त्याला काही बोलली असावी तसं पुढे म्हणाला, "मी कुणाला बोललेलो नाही. बोलणार पण नाही. ज्याचं त्यानं सांगायचं असतं ते."

"कामाचं बघा," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच कडक निघाला. पण ती वळली आणि तिला दिशाच उमगेना. या खोलीत ती डोळे मिटून फिरायची आणि आता ती कापडांच्या कपाटावर जाऊन आदळली. पहिल्याच आठवड्यात. म्हणजे ती त्याला रागावत होती तेव्हा त्याला माहीत होतं. चष्मा विसरला म्हणत होती तेव्हा माहीत होतं. झाकली मूठ म्हणून चाळीस वर्षं आवळून धरली, आणि एक माणूस रोज समोर बसून ती उघडी बघत होता, वर "बरं, ताई" म्हणत होता.

लहानपणी आई रोज संध्याकाळी चुलीपुढे बसून धडा वाचायची. आई चौथी शिकलेली, पण धडा तिच्या तोंडून ओवीसारखा यायचा, आणि ती पाच-सहा वर्षांची पोर, गुडघ्यांत हनुवटी खुपसून, दोनदा ऐकलं की पाठ म्हणून दाखवायची. आई म्हणायची, "गुणाची गं माझी बाय. कुणाला सांगू नकोस हो, तुला अक्षर लागत नाही ते. हसतील. येईल हळूहळू." शाळेत मग बोट ठेवायचं, ओळीवरून सरकवायचं, आणि आईचा आवाज आपल्या तोंडून सोडायचा. दोन वर्षं निभलं. बाई म्हणायच्या, काय खणखणीत वाचते. आणि एक दिवस बाई तिच्या मागून येऊन उभ्या राहिल्या. ती चिमणीचा धडा घडाघडा वाचत होती, बोट ओळीवरून पुढं पुढं सरकत होतं, आणि पान नदीच्या धड्याचं होतं. दोन पानं एकदम उलटली गेली होती. चित्र बघितलं असतं तरी कळलं असतं, पण ती चित्राकडे बघायची नाही, वाचणारी पोरं चित्राकडे बघत नाहीत, असं तिला वाटायचं. वर्ग आधी गप्प झाला. मग कुणीतरी पहिलं हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पान बदललं नाही, तिचं बोट उचलून पहिल्या अक्षरावर ठेवलं आणि म्हणाल्या, "बोट ठेव, आणि वाच." आणि थांबल्या. किती तरी वेळ थांबल्या. आता वाटतं, कदाचित विचारायलाच थांबल्या असतील. तिनं एक वाक्य बोलायचं होतं. ते ओठांपर्यंत आलं होतं. पण आई म्हणाली होती, कुणाला सांगू नकोस. घंटा झाली आणि ते वाक्य तिथंच राहिलं, घशाच्या कडेला, काट्यासारखं.

अकराला दोन मिनिटं कमी असताना ती वर गेली. साहेबांच्या खोलीत चार खुर्च्या मांडल्या होत्या. मास्तर कडेच्या खुर्चीवर, तळवे गुडघ्यांवर. त्याच्या शेजारी ऑफिसातल्या मॅडम, तिच्या लेकीच्या वयाची मुलगी. ज्यांना कामात अडचण आहे त्यांना मदत देणं हे तिचं काम. तिच्या मांडीवर फॉर्म होता आणि चेहरा उतरलेला होता, कारण मास्तरला तिनंच लावलं होतं. टेबलावर कालची यादी. बारा ओळी, बारा खुणा, दोन सह्या.

साहेब म्हणाले, "मला लांबवायचं नाही. नोटीस तीन आठवड्यांपूर्वी दिली होती. यादीत नवीन चिमटा स्पष्ट लिहिलाय. त्याच्यापुढे खूण आहे आणि ट्रेमध्ये चिमटा नाही." मग मास्तरकडे वळून, "यादी बघितली होती तुम्ही?"

"बघितली होती, साहेब."

"मग?"

मास्तर आपल्या पंजांकडे बघत राहिला. "चूक झाली."

"ताईंना दाखवली होती का?"

खोली एकदम लहान झाली. मास्तरनं तळवे गुडघ्यांवर दाबले. भिंतीतलं थंड हवेचं यंत्र घुंघुं करत होतं आणि ताईला स्वतःचं बोट दिसत होतं, टेबलाच्या कडेवर टेकलेलं. साहेबांनी त्या गप्प बसण्याचा आपल्या परीनं अर्थ लावला आणि ते मवाळ आवाजात तिला म्हणाले, "तुमच्यावर काही नाही, ताई. दिवसाला साठ सेट तपासता तुम्ही. बावीस वर्षांत एक निसटला." मग मॅडमकडे बघून, "दोष त्यांच्या दानतीचा नाही, हे मलाही कळतं. पण ज्याला वाचता येत नाही तो या जागी नको. मी तसं लिहून ठेवलंय. ताई, वाचा आणि सही करा, म्हणजे झालं."

कागद तिच्यापुढे सरकला. पेन कागदावर आडवं ठेवलं होतं. सही करणं सोपं होतं, सही म्हणजे चित्र. तिचा हात सवयीनं खिशाकडे गेला, चष्म्याच्या दांडीवर बोटं पडली आणि मास्तरनं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत तक्रार नव्हती. तो फक्त बघत होता, सेट बांधून झाल्यावर ताई काय म्हणतात याची वाट बघायचा तसा. तिनं चष्मा काढला. घातला नाही, टेबलावर ठेवला. आणि कागदाच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. अक्षरं थांबली नाहीत. ती कधी थांबली होती? बोटाखालून निसटून चारी बाजूंनी पळाली आणि खोलीतली तिन्ही माणसं वाट बघत राहिली.

"ओळ जास्त आहे हे त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं," ती म्हणाली. "यादी हातात देऊन विचारलं होतं. मीच गप्प केलं त्यांना. खुणा मी करायला लावल्या."

साहेबांना ते नीट लागलंच नाही. "पण मग तुम्ही बघितलं कसं नाही, ताई? समोरच तर लिहिलं होतं."

मॅडमनं फॉर्मवरून नजर उचलली. खिडकीतून आलेला उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडला होता. तिनं काही विचारलं नाही, घाईही केली नाही. नुसती थांबली. ताई तिच्याकडे वळली. बोट अजून पहिल्याच अक्षरावर होतं.

"बाई," ती म्हणाली, "मला हे वाचता येत नाही."